91 मीटरचं मैदान, साडेतीनशे किलोमीटरची जत्रा

13 जानेवारी 2023 च्या संध्याकाळी ओडिशातल्या राउरकेलाच्या नव्याकोऱ्या बिरसा मुंडा स्टेडियममध्ये हॉकीच्या विश्वचषकात भारत आणि स्पेन खेळत होते. बाराव्या मिनिटाला भारताचा पहिला गोल झाला आणि तो केला अमित रोहिदासनं. त्याचं गाव सौनामारा, राउरकेला ज्यात येतं त्याच सुंदरगढ जिल्ह्यातलं. वीस हजार लोकांचं स्टेडियम गच्च भरलेलं होतं. आपल्याकडे गावच्या यात्रेत, गावच्याच पैलवानानं बाहेरून आलेल्या नामांकित मल्लाला चितपट केलं तर फडात काय होतं ते आठवा, म्हणजे त्या गोलाचा आवाज कानाशी येईल.

हॉकीचा विश्वचषक म्हणजे कागदावर अगदी आटोपशीर गोष्ट. 16 संघ, तीनशेच्या आसपास खेळाडू, 44 सामने, सतरा दिवस. एक सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, मधली विश्रांती धरली तरी साधारण दीड तासात सगळे मोकळे. मैदान 91 मीटर लांब, 55 मीटर रुंद. एवढ्याशा खेळासाठी ओडिशा सरकारनं विमानसेवा सुरू केली, भिंती रंगवल्या, नदीकाठी वाळूची शिल्पं उभी केली, बॉलिवूड आणलं, कोरियन पॉप बँडसुद्धा आणला. हे सगळं का करतात? कोण करतं, पैसे कोणाचे आणि लोकांना त्यातून काय मिळतं? 2018 आणि 2023 असे लागोपाठ दोन विश्वचषक ओडिशात झाले, त्यामुळे हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आधी मूळ अडचण. क्रिकेटची स्पर्धा कुठेही भरवा, टीव्हीचे हक्क विकून पैसे उभे राहतात. हॉकीत तसं नाही. हॉकीची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या लोझानची एफआयएच, यजमान शोधते तेव्हा तिला तीन गोष्टी हव्या असतात: चांगलं टर्फ म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, खर्चाची हमी आणि भरलेलं स्टेडियम. पहिल्या दोन पैशानं मिळतात. तिसरी मिळत नाही. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसल्या की पुढचा प्रायोजक हात आखडता घेतो. म्हणून यजमानाला सामन्याबरोबर वातावरणही पुरवावं लागतं. गणपती बसवणं एक आणि मंडळ चालवणं एक, तसाच हा फरक.

ओडिशानं हे काम एका दिवसात शिकलं नाही. 2014 मध्ये भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर चॅम्पियन्स ट्रॉफी झाली, 2017 मध्ये वर्ल्ड लीगची अंतिम फेरी झाली. 2018 च्या सुरुवातीला राज्य सरकार भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही राष्ट्रीय संघांचं प्रायोजक झालं. एखाद्या राज्यानं देशाच्या संघाच्या जर्सीवर आपलं नाव छापायचं, ही आपल्याकडे तेव्हा पूर्ण नवी गोष्ट होती. त्यावेळचे मुख्यमंत्री नवीन पटनायक स्वतः डून स्कूलमध्ये हॉकीचे गोलकीपर होते, असं नेहमी सांगितलं जातं. गोलकीपरच्या प्रेमावर एवढा खर्च होत नाही, हेही खरं. महापूर, चक्रीवादळं, दारिद्र्य याच कारणांनी बातमीत येणाऱ्या राज्याला वेगळ्या कारणानं बातमीत यायचं होतं. सगळ्या जत्रेमागचा पहिला हिशेब हा.

जत्रा सुरू होते पालखीपासून. 5 डिसेंबर 2022 ला विश्वचषकाचा करंडक भुवनेश्वरहून निघाला, राज्याराज्यांत फिरला आणि नाताळच्या सुमारास परतला. चषक काचेच्या पेटीत, लोक रांगेत, फोटो, पुढचा मुक्काम. बाहेरून बघणाऱ्याला हा जाहिरातीचा फेरफटका वाटेल आणि तो असतोही. पण ज्या शाळेत पोरं चिंध्यांच्या चेंडूनं खेळतात तिथं तो चषक अर्धा तास टेबलावर ठेवला जातो, तेव्हा त्या पोरांच्या दृष्टीनं तीही एक भेट असते. देवाला जाता येत नाही त्यांच्या दारात देव येतो, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

दुसरा टप्पा उद्घाटनाचा, आणि इथं एक प्रश्न हमखास पडतो: सामने भुवनेश्वरला, मग सोहळा कटकला का? साधं उत्तर आहे, जागा. कलिंग स्टेडियममध्ये पंधरा हजारांच्या आसपास लोक बसतात. शिवाय ज्या टर्फवर दोन दिवसांनी खेळायचं त्यावर व्यासपीठ, क्रेन आणि नाचणारे शेकडो लोक चढवणं म्हणजे स्वतःच्या हातानं टर्फचा सत्यानाश. कटकचं बाराबती स्टेडियम क्रिकेटचं, चाळीस हजारांहून जास्त माणसं घेणारं, आणि अंतर तीसेक किलोमीटर. 11 जानेवारी 2023 चा सोहळा तिथं झाला. रणवीर सिंग आणि दिशा पटानी आले, प्रीतमनं गाणी केली. सर्वांत जास्त कुतूहल होतं ते ब्लॅकस्वान नावाच्या कोरियन बँडचं. त्यात ओडिशाचीच श्रिया लेंका होती. ती मुलगी सेऊलला जाऊन के-पॉप गायिका झाली आणि आपल्याच राज्यातल्या गर्दीसमोर परत आली.

दुसरं कारण लिहिलेलं कुठं सापडणार नाही, पण कटक पाहिलेल्या माणसाला ते कळतं. या शहराला गर्दीची सवय आहे. कार्तिक पौर्णिमेला महानदीच्या काठी, बाराबती किल्ल्याजवळ बालीयात्रा भरते. जुन्या काळी कलिंगचे व्यापारी याच दिवसांत गलबतं घेऊन बाली-जावाकडे निघत, त्याची ही आठवण. केळीच्या खोडाच्या किंवा कागदाच्या होड्या पाण्यात सोडायच्या, मग दहीबरा-आलुदम खात मैदानभर फिरायचं. 2018 ची कार्तिक पौर्णिमा 23 नोव्हेंबरला होती आणि विश्वचषकाचा पहिला चेंडू 28 नोव्हेंबरला टोलवला गेला. म्हणजे पाहुणे आले तेव्हा गाव मुळात जत्रेच्याच मूडमध्ये होतं.

2018 च्या उद्घाटनात आपल्या माधुरी दीक्षितनं पृथ्वीमातेची भूमिका करत नृत्यनाट्य सादर केलं होतं. ए. आर. रहमानचं गाणं होतं, शब्द गुलजारांचे, शाहरूख खान हजर. आणि शेवटच्या दिवशी अंतिम सामना पाहायला सचिन तेंडुलकर. हॉकीच्या कार्यक्रमात क्रिकेटचा देव बोलवावा लागतो याची गंमत वाटते आणि थोडं वाईटही. पण गर्दी जमवायची तर जमवणाऱ्यांनाच बोलवायला हवं, त्याला इलाज नाही.

या दोन्ही स्पर्धांचं शुभंकर होतं ऑली. ऑली म्हणजे ऑलिव्ह रिडले कासव. जगातल्या सर्वांत वेगवान खेळांपैकी एकासाठी कासव निवडणाऱ्याला विनोदाची चांगली जाण असावी. कारण मात्र गंभीर आहे. ओडिशाच्या गहिरमाथा, देवी आणि ऋषिकुल्या या किनाऱ्यांवर ही कासवं लाखोंच्या संख्येनं अंडी घालायला येतात. आपल्याकडे रत्नागिरीतल्या वेळासला पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला जी गर्दी होते, ती याच जातीच्या कासवांसाठी. खेळाच्या स्पर्धेला स्थानिक प्राणी जोडला की शाळांना काम मिळतं: चित्रं काढा, मुखवटे करा, किनाऱ्यावरचा कचरा उचला. मुलं आली की आईबाप येतात. शुभंकराचा खरा उपयोग हा, टी-शर्ट विकणं त्यानंतरचं.

तिसरा टप्पा शहराचा. सामने दुपारी-संध्याकाळी असतात. परदेशी पाहुणा, पत्रकार, बाहेरगावहून आलेला हॉकीवेडा यांनी सकाळी सहापासून दुपारपर्यंत करायचं काय? भुवनेश्वरनं 2018 मध्ये याचं उत्तर बऱ्यापैकी विचारानं शोधलं. एकाम्र वॉक नावाच्या वारसाफेऱ्या आधीपासून चालू होत्या. रविवारी सकाळी मुक्तेश्वर मंदिरापासून निघायचं आणि जुन्या गावातल्या देवळांतून, तलावांच्या काठानं चालत जायचं. त्यांना नवे पाय मिळाले. त्याच जुन्या गावात गल्लीबोळांतून एक कलायात्रा भरवली गेली. कलाकारांनी दालनाऐवजी लोकांच्या अंगणात, ओट्यावर, पडक्या घरात आपली कामं मांडली. शहरातल्या भिंतींवर मोठी चित्रं आली. काही रविवारी सकाळी एखादा रस्ता गाड्यांना बंद करून पथउत्सव व्हायचा, म्हणजे झुंबा, सायकली, रांगोळी, आणि कुठंतरी पोरं खुर्च्यांचे गोलपोस्ट मांडून हॉकी खेळतायत.

यातलं सगळंच लोकांनी आपणहून केलं असं मी म्हणणार नाही. बहुतेक गोष्टी महापालिका, विकास प्राधिकरण आणि त्यांनी नेमलेल्या कंपन्यांनी ठरवल्या. पण ठरवलेल्या कार्यक्रमातही लोक आपली जागा करून घेतात. जुन्या गावात कलेचे परदेशी दर्दी नकाशा हातात घेऊन फिरताना चुकले की त्यांना वाट दाखवायचं काम गल्लीतल्या पोरांनी घेतलं नसेल, तरच नवल.

पुरीचे वाळूशिल्पकार सुदर्शन पटनायक यांनी 2023 मध्ये महानदीच्या पात्रात 105 फूट लांबीची हॉकी स्टिक घडवली आणि तिच्यात सुमारे 5,000 हॉकीचे चेंडू बसवले. वाळूचं शिल्प चार दिवसांत विरून जातं, तरी त्याचा फोटो जगभर जातो. कमी खर्चात जास्त गाजावाजा करणारं असं दुसरं काही त्या स्पर्धेत नव्हतं.

आता राउरकेला. खरं सांगायचं तर हा लेख लिहायचं कारण हेच शहर आहे.

भुवनेश्वरला जत्रा भरवावी लागली. सुंदरगढला ती आधीच भरत होती. इथल्या ओरांव, मुंडा, खडिया गावांत हॉकी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आली, मुख्यतः मिशनऱ्यांच्या शाळांतून. चर्चच्या शेजारी मोकळं पटांगण, बांबूच्या किंवा झाडाच्या वाकड्या फांदीच्या काठ्या, अनवाणी पोरं. भाताची कापणी झाली की गावागावांत स्पर्धा लागतात आणि बक्षीस असतं बोकड. त्या भागात खच्ची केलेल्या बोकडाला खस्सी म्हणतात, म्हणून या स्पर्धांचं नावच खस्सी टूर्नामेंट. जिंकलेला संघ बोकड खांद्यावर टाकून नाचत गावी नेतो आणि रात्री अख्खा गाव जेवतो. दुसऱ्या क्रमांकाला कधी लहान बोकड, कधी कोंबड्या. शेजारच्या झारखंडातल्या सिमडेग्यातही हेच.

आपल्याला हे लगेच समजावं. सातारा-कोल्हापूरकडच्या जत्रेत लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लावतात, पुढं नारळावर, मग पैशावर, आणि शेवटची मानाची कुस्ती गदेसाठी. रेवडीपासून गदेपर्यंतची ही शिडी असते म्हणून पैलवान तयार होतात. सुंदरगढची शिडी बोकडापासून सुरू होते, राउरकेलातल्या पानपोषच्या क्रीडा वसतिगृहातून जाते आणि थेट ऑलिंपिकपर्यंत पोचते. दिलीप तिर्की याच वाटेनं भारताचा कर्णधार झाला आणि 2022 मध्ये हॉकी इंडियाचा अध्यक्ष. तोही सौनामाराचाच. लाझरस बारला, इग्नेस तिर्की, प्रबोध तिर्की, बीरेंद्र लाकडा, मुलींमध्ये सुभद्रा प्रधान, दीप ग्रेस एक्का, नमिता टोप्पो. ही यादी आवरती घ्यावी लागते. टोकियोत 2021 मध्ये भारतानं एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक जिंकलं, त्या संघात रोहिदास आणि लाकडा होते.

असं असूनही या जिल्ह्यानं कधी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाहिली नव्हती. पोरं घडवायची इथं आणि सामने बघायचे टीव्हीवर. म्हणून विश्वचषकाचे 44 पैकी 20 सामने राउरकेलाला द्यायचं ठरलं तेव्हा ती सोयीची गोष्ट अजिबात नव्हती. भुवनेश्वरपासून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, पोलादाचं शहर, मोठी हॉटेलं नाहीत, नियमित विमान नाही. 2021 च्या फेब्रुवारीत स्टेडियमची पायाभरणी झाली, 5 जानेवारी 2023 ला उद्घाटन. खेळाडूंना राहायला शेजारीच 225 खोल्यांचं विश्वचषक गाव बांधलं. 7 जानेवारीला भुवनेश्वर-राउरकेला विमान सुरू झालं, म्हणजे पहिल्या सामन्याच्या जेमतेम सहा दिवस आधी. लग्नघरात वऱ्हाड दारात आलेलं असताना मांडवाची शेवटची गाठ मारतात, तसंच. बैठी आसनं असलेलं जगातलं सर्वांत मोठं हॉकी स्टेडियम म्हणून गिनेसनं त्याची नोंद केली. नाव दिलं बिरसा मुंडांचं, आणि त्या भागात या नावाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

15 जानेवारीला, आपण इथं तिळगूळ वाटत होतो त्या रविवारी, भारत-इंग्लंड सामना होता. त्या भागात मकर हा वर्षातल्या मोठ्या सणांपैकी एक; नवीन भात घरात आलेलं, नवे कपडे, गावोगावचे मेळे. सण आणि सामना एकाच दिवशी. सामना 0-0 सुटला. एकही गोल नाही आणि तरी लोक तासभर ओरडत होते, कारण ज्याला खेळ कळतो त्याला गोलरहित सामनाही बघता येतो. भाड्यानं आणलेल्या गर्दीला ते जमत नाही. पडद्यावर "आवाज करा" असं लिहून येईपर्यंत ती थांबते.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. राउरकेलाचा पोलाद कारखाना 1950 च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या मदतीनं उभा राहिला. त्या काळी शेकडो जर्मन तिथं राहत. 2023 चा विश्वचषक जर्मनीनंच जिंकला. अंतिम सामना भुवनेश्वरला, बेल्जियमविरुद्ध, 3-3 बरोबरी आणि मग निकालासाठी घेतलेल्या शूटआउटमध्ये 5-4.

यजमान हरला की जत्रेचं काय होतं? आयोजकांची झोप उडवणारा प्रश्न. 16 संघांचे चार गट. गटात पहिला आलेला सरळ उपांत्यपूर्व फेरीत, दुसऱ्या-तिसऱ्यानं आधी एक जादा सामना खेळायचा, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. या रचनेमुळे यजमान लवकर बाद होण्याची शक्यता कमी होते. कमी होते, संपत नाही. भारत गटात इंग्लंडच्या मागं राहिला आणि 22 जानेवारीला क्रॉसओव्हरमध्ये न्यूझीलंडकडून 3-3 नंतर शूटआउटमध्ये हरला. अंतिम सामना त्यानंतर आठवड्यानं होता. 2018 मध्येही उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून 1-2 असा घात झाला होता, पण तेव्हा शेवटाला तीनच दिवस राहिले होते. अशा वेळी शहराचा महोत्सव, खाण्याच्या गाड्या, मैफली कामी येतात. सामन्याचं निमित्त गेलं तरी लोकांकडे घराबाहेर पडायला दुसरं निमित्त उरतं. वातावरण विकत घेण्याचा हा विम्याचा हप्ता म्हणा.

वातावरण नसलं तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. 2010 चा विश्वचषक दिल्लीला, ध्यानचंद स्टेडियमवर. स्पर्धा 28 फेब्रुवारीला सुरू होणार आणि 13 तारखेला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला. साहजिकच दिल्लीत बंदोबस्त वाढला. खेळाडू बसमधून हॉटेलात, हॉटेलातून बसमध्ये. तपासण्या, अडथळे, पिशवी नको, बाटली नको. तिथं जत्रा कशी भरणार? त्यात कुणाचा दोष नव्हता. सुरक्षा आणि उत्सव एकमेकांच्या जागेवर बसतात, एक पसरला की दुसऱ्याला आक्रसावं लागतं.

महाराष्ट्रात तर याहून जुनी गोष्ट आहे. 1982 चा विश्वचषक मुंबईत झाला होता. पाकिस्तान जिंकला, भारत पाचवा. आज मुंबईत किती जणांना हे ठाऊक आहे? आपली हॉकी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, वांद्र्याच्या चर्चच्या आवारात, रेल्वेच्या मैदानांवर वाढली; खडकीनं धनराज पिल्ले दिला. तिच्याभोवती गाव कधी गोळा झालं नाही, त्यामुळे स्पर्धा आली तशी गेली.

आता पैसा. 2023 साठी ओडिशा सरकारनं आधी मंजूर केलेले 432 कोटी रुपये वाढत जाऊन 1,098 कोटींवर गेले, आणि त्यातला मोठा वाटा राउरकेलाच्या बांधकामाचा. ही रक्कम गरीब राज्यासाठी लहान नाही. ज्या जिल्ह्यातल्या खेळाडूंच्या घरांना धड छप्पर नसल्याच्या बातम्या याच काळात येत होत्या, तिथं हा प्रश्न विचारणाऱ्याला खेळद्रोही म्हणणं बरोबर नाही. "पर्यटन वाढेल" हे उत्तर मला पटत नाही. विश्वचषक बघायला आलेला बेल्जियन माणूस दरवर्षी राउरकेलाला येणार नाही. पटणारं उत्तर वेगळं आहे: सुंदरगढच्या सतराही तालुक्यांत, तिथल्या भाषेत ब्लॉकमध्ये, कृत्रिम टर्फ घालायचं काम या निमित्तानं हाती घेतलं गेलं. शेणमातीच्या पटांगणावर शिकलेला पोरगा सोळाव्या वर्षी पहिल्यांदा टर्फवर उतरला की त्याची गती, चेंडूचा अंदाज, घोटे, सगळं नव्यानं शिकावं लागतं. दहाव्या वर्षी टर्फ मिळालं तर ती सहा वर्षं वाचतात.

स्टेडियमचं पुढं काय झालं हे तपासता येतं. मार्च 2023 मध्येच तिथं प्रो लीगचे सामने झाले, जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया पुन्हा आले. सात वर्षं बंद असलेली हॉकी इंडिया लीग 2024 च्या डिसेंबरात परत सुरू झाली तेव्हा पुरुषांचे बहुतेक सामने राउरकेलालाच ठेवले. मधल्या काळात ओडिशातलं सरकार बदललं, तरी राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व 2036 पर्यंत वाढवलं गेलं. विमानसेवा मात्र कधी चालू, कधी रखडलेली, छोट्या शहरांच्या विमानांची असते तशीच.

आणि भात कापून झालं की खस्सी टूर्नामेंट लागतातच. टर्फ असलेल्या ब्लॉकमध्येही त्या पटांगणावरच होतात, कारण बोकड टर्फवर बांधू देत नाहीत.